अक्षावर आकडे नसलेला आलेख

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला एका साध्या गोष्टीची गरज होती. लाटांवर तरंगणाऱ्या यंत्राला समुद्रतळाशी बांधून ठेवणाऱ्या साखळीवर वादळात किती ताण येतो, याचे खऱ्या समुद्रात मोजलेले आकडे मला हवे होते. शोधताना एका कंपनीचा परिषदेतला निबंध मिळाला. त्यांनी यंत्र समुद्रात उतरवलं होतं, साखळीवर सेन्सर बसवले होते, वादळही पाहिलं होतं. आलेखसुद्धा छापला होता! फक्त उभ्या अक्षावर किलोन्यूटन नव्हते. सगळे आकडे एका ‘संदर्भ मूल्या’ने भागलेले, आणि ते मूल्य गोपनीय.

निबंधातल्या पत्त्यावर ईमेल केला, तो परत आला. कंपनीच उरली नव्हती. तिथे काम केलेला एक इंजिनिअर शोधून काढला, तो आता वेगळ्याच उद्योगात आहे. म्हणाला, आकडे होते, एका हार्ड डिस्कवर होते, पण कंपनी बंद झाली तेव्हा सामान कोणी उचललं ते मला माहीत नाही.

त्या चाचणीत सरकारी पैसाही होता. म्हणजे लोकांच्या पैशाने एक आकडा मोजला गेला आणि तो लोकांसाठी उरला नाही. ‘राष्ट्रीय संशोधनाचा समन्वय’ हा शब्दप्रयोग ऐकला की आधी मला जांभई यायची. समित्या, अहवाल, गोल टेबल, कॉफी. त्या हार्ड डिस्कनंतर तो विषय जरा वेगळा दिसायला लागला. म्हणून आज ब्रिटनची गोष्ट सांगतो, कारण समुद्रातल्या विजेचे प्रयोग तिथे फार आधीपासून झाले आणि चुकाही तितक्याच मोकळेपणी झाल्या.

आधी थोडं भौतिकशास्त्र. समुद्रातून वीज काढायचे तीन मुख्य मार्ग आहेत: समुद्रावरचा वारा, भरती-ओहोटीचा प्रवाह आणि लाटा. आपण तिघांना एका दमात ‘सागरी ऊर्जा’ म्हणतो, पण इंजिनिअरच्या दृष्टीने ही तीन वेगळ्या स्वभावाची भावंडं आहेत. पवनचक्कीचा आकार जगाने ठरवून टाकलाय: तीन पाती, आडवा आस, उंच मनोरा. आता वाद फक्त किती मोठी करायची याचा. प्रवाहाच्या टर्बाइनही बऱ्याच अंशी त्याच आकाराकडे आल्यात. शिवाय प्रवाहाचं वेळापत्रक असतं. उधाण कधी, भांग कधी, हे कोकणातला कुठलाही मच्छीमार तिथी बघून सांगतो. पुढच्या दहा वर्षांतल्या कुठल्याही दिवशी टर्बाइन साधारण किती वीज देईल, हे आज काढता येतं.

लाटांचं मात्र अजून काहीच ठरलेलं नाही. कोणी सापासारखं यंत्र केलं, कोणी दारासारखं झापड, कोणी बोया, कोणी हवेची पोकळी. कारण सोपं आहे. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीन मीटरच्या लाटेवर तुमचं यंत्र कमावतं, आणि बारा मीटरची लाट आली की सोळा पट ऊर्जा अंगावर येते. कमाई रोजच्या लाटेची, पण पोलादाचा खर्च वादळाच्या लाटेचा. हे गणित सोडवायचे शंभर मार्ग सुचतात आणि प्रत्येकाला आपला मार्ग पेटंटमध्ये बंद करावासा वाटतो.

ब्रिटनमध्ये याची सुरुवात १९७३ च्या तेलसंकटानंतर झाली. एडिंबरा विद्यापीठातल्या स्टीफन साल्टर यांनी १९७४ मध्ये ‘नेचर’मध्ये लाटांच्या विजेवर निबंध लिहिला. त्यांचं डुलणारं यंत्र पुढे ‘साल्टरचं बदक’ म्हणून ओळखलं गेलं. सरकारने कार्यक्रम सुरू केला आणि संशोधकांसमोर उद्दिष्ट ठेवलं थेट २००० मेगावॅटच्या केंद्राचं. ज्या तंत्राचं एक लहान यंत्रही समुद्रात वर्षभर टिकलेलं नव्हतं, त्याच्याकडून अणुकेंद्राएवढ्या विजेचा आराखडा मागितला. साहजिकच खर्चाचे अंदाज भयंकर आले आणि १९८२ मध्ये कार्यक्रम गुंडाळला गेला. ते अंदाज चुकीचे होते असा साल्टर यांचा आक्षेप होता, आणि तो वाद पुढे बरीच वर्षं चालला. मला त्या वादापेक्षा नंतरची पोकळी जास्त खटकते. गट पांगले, माणसं दुसरीकडे गेली, आणि पुढच्या पिढीला बऱ्याच गोष्टी पुन्हा शिकाव्या लागल्या.

दुसरी फेरी खासगी कंपन्यांची. २००३ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्क्नी बेटांवर युरोपियन मरीन एनर्जी सेंटर सुरू झालं. कल्पना झकास होती. समुद्रात केबल टाकून ठेवली, ग्रिडची जोडणी तयार ठेवली. तुम्ही यंत्र आणा, जोडा, तपासा, घेऊन जा. पेलामिस नावाचं सापासारखं यंत्र २००४ मध्ये तिथे ग्रिडला जोडलं गेलं. त्याची तीन भावंडं २००८ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यावर लागली, आणि काही महिन्यांत परत बंदरात आली. पेलामिस कंपनी २०१४ मध्ये बुडाली. झापडासारखं ‘ऑयस्टर’ यंत्र करणारी अ‍ॅक्वामरीन पॉवर त्याच्या पुढच्या वर्षी बंद पडली.

इथे मात्र १९८२ पेक्षा वेगळं घडलं. स्कॉटलंडच्या सरकारने २०१४ मध्येच ‘वेव्ह एनर्जी स्कॉटलंड’ ही संस्था काढली आणि तिने पेलामिसचं बौद्धिक धन विकत घेतलं. बुडालेल्या कंपनीची ड्रॉइंग्ज, चाचण्यांचे निष्कर्ष, काय तुटलं आणि का तुटलं, हे सगळं. मग तिने निधी वाटायची पद्धतही बदलली. आधी सरकार म्हणायचं, अर्धे पैसे आम्ही देतो, उरलेले गुंतवणूकदाराकडून आणा. गुंतवणूकदार म्हणायचा, लवकर मोठं यंत्र दाखवा. त्यामुळे कंपन्या टाकीतला अभ्यास अर्धवट सोडून समुद्रात उड्या मारत. नव्या पद्धतीत पूर्ण पैसे सरकारचे, पण टप्प्याटप्प्याने. प्रत्येक टप्प्यावर चाळणी, आणि जो गळला त्याचाही अहवाल सार्वजनिक. शिवाय अख्ख्या यंत्राऐवजी भागांवर स्पर्धा ठेवल्या: लाटेच्या हालचालीची वीज करणारा भाग, बांधणीचं साहित्य, नियंत्रण. चांगला भाग कुणाच्याही यंत्रात बसू शकतो. माझ्या मते या क्षेत्रात गेल्या वीस वर्षांत झालेली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे, आणि तिच्यात नवं यंत्र एकही नव्हतं.

वाऱ्याच्या बाजूला कंपन्या श्रीमंत, त्यामुळे तिथे समन्वय वेगळ्या वाटेने आला. २००८ मध्ये कार्बन ट्रस्टने ‘ऑफशोअर विंड अ‍ॅक्सिलरेटर’ सुरू केला. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी पैसे एकत्र टाकायचे आणि सगळ्यांना छळणारे प्रश्न सोडवायचे. त्यातून निघालेलं एक काम मला फार आवडतं: ‘पिसा’ प्रकल्प. (मनोऱ्याशी संबंध नाही. किंवा असेलही, विषय खांब कलण्याचाच आहे.)

समुद्रातल्या बहुतेक पवनचक्क्या एकाच जाड पोलादी खांबावर उभ्या असतात, त्याला मोनोपाइल म्हणतात. तो जमिनीत किती खोल ठोकायचा, हे काढायची रीत तेल उद्योगाकडून आली होती. तेलाच्या प्लॅटफॉर्मखालचे खांब सडपातळ असत, व्यासाच्या तीस-तीस पट लांब. असा खांब ढकलला तर वेताच्या काठीसारखा वाकतो. पवनचक्कीचा खांब गोठ्यातल्या खुंट्यासारखा असतो. जमिनीत गेलेला भाग व्यासाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही कमी. ढकलला तर वाकण्यापेक्षा अख्खा फिरतो, आणि फिरताना तळाची माती आणि बाजूचं घर्षणही त्याला धरून ठेवतं. जुन्या सूत्रात हा आधार धरलेलाच नव्हता. म्हणजे प्रत्येक कंपनी गरजेपेक्षा जास्त पोलाद समुद्रात गाडत होती, प्रत्येकीला संशय होता, पण एकटीने महागडी चाचणी करून स्पर्धकाला फुकटात उत्तर कोण देणार? शेवटी सगळ्यांनी मिळून इंग्लंडमध्ये काउडनच्या चिकणमातीत आणि फ्रान्समध्ये डंकर्कच्या वाळूत खांब ठोकले, दोन मीटर व्यासापर्यंतचे, आणि ते आडवे ओढून पाहिले. ऑक्सफर्ड, इम्पिरियल कॉलेज आणि युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या संशोधकांनी त्यातून नवी रीत काढली. ती प्रसिद्ध झाली आणि आता खऱ्या प्रकल्पांत वापरतात.

विद्यापीठांच्या पातळीवर वारा एका गटाकडे आणि लाटा-प्रवाह दुसऱ्या गटाकडे असा संसार बरीच वर्षं चालला. २०१८ मध्ये दोघांना एकत्र करून ‘सुपरजेन ऑफशोअर रिन्यूएबल एनर्जी हब’ झालं. नेतृत्व प्लिमथ विद्यापीठाच्या डेबोरा ग्रीव्ह्ज यांच्याकडे आलं. हे हब स्वतः फार मोठे प्रयोग करत नाही. कुठला प्रश्न सुटलेला नाही आणि त्यावर कोण काम करतंय याची मांडणी करणं, फटी दिसतील तिथे छोटा निधी देणं, आणि माझ्यासारख्या नवख्यांना एकमेकांशी बोलायला लावणं, अशी त्याची कामं. ऐकायला किरकोळ वाटतं.

पण हे एकत्रीकरण नुसतं कागदी नव्हतं, त्यामागे तरंगत्या पवनचक्क्या होत्या. खोल समुद्रात खांब परवडत नाही, म्हणून पवनचक्की तराफ्यावर उभी करतात. पीटरहेडजवळ २०१७ मध्ये ‘हायविंड स्कॉटलंड’ची अशी पाच यंत्रं लागली, एकूण ३० मेगावॅट. आता वाऱ्याच्या तज्ज्ञाला अचानक नांगराच्या साखळ्या, तराफ्याचं डुलणं आणि साखळीची झीज समजून घ्यावी लागली. आणि हे सगळं लाटांवर काम करणारे लोक चाळीस वर्षं करत होते! ज्यांना ‘तुमचं यंत्र कधी चालणार?’ म्हणून चिडवलं जायचं, त्यांचाच दरवाजा वाऱ्यावाल्यांना ठोठवावा लागला.

टाकीतही तेच. एडिंबऱ्याची फ्लोवेव्ह टाकी २५ मीटर व्यासाची, गोल, कुठल्याही दिशेने लाट आणि प्रवाह देणारी. तिथे एकास पन्नास आकाराचं तरंगतं मॉडेल ठेवलं की लाटांचा हिशेब नीट जुळतो. पण त्याच प्रमाणात लहान केलेल्या पात्याभोवती हवा मोठ्या पात्यासारखी वागत नाही, चिकटपणा जास्त जाणवतो आणि जोर कमी पडतो. म्हणजे पाण्याला खरं ठरलात की हवेला खोटे पडता. हा तिढा एकट्या जलगतिकीवाल्याला सुटत नाही आणि एकट्या वायुगतिकीवाल्याला तर तो दिसतही नाही.

समन्वयाने सगळं सुटतं असं मात्र नाही. २०२२ च्या ब्रिटिश लिलावात, २०१२ च्या किमतींच्या हिशेबात, समुद्री वाऱ्याला मेगावॅट-तासाला ३७.३५ पौंड भाव ठरला आणि प्रवाहाच्या विजेला १७८.५४ पौंड. प्रवाहाच्या प्रकल्पांना जागा मिळाली ती सरकारने त्यांच्यासाठी रक्कम वेगळी बाजूला ठेवली म्हणूनच. लाटांचा एकही प्रकल्प नव्हता. पुढच्या वर्षी तर समुद्री वाऱ्यासाठी एकही बोली आली नाही, कारण पोलाद आणि व्याज महागलं होतं आणि सरकारने कमाल भाव मात्र फारच खाली ठेवला होता. कितीही चांगलं संशोधन झालं तरी त्या टेबलावर त्याला खुर्ची नसते.

आणि आपल्याकडे? केरळमध्ये विळिंजमला १९९१ मध्ये आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने लाटांवरचं १५० किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं होतं. पोकळीत पाणी वरखाली होतं, हवा आतबाहेर होते आणि टर्बाइन दोन्ही वेळा एकाच दिशेला फिरतं. ते टर्बाइन वेल्स पद्धतीचं. त्याचे जनक अ‍ॅलन वेल्स बेलफास्टचे, आणि ती कल्पना १९७० च्या दशकातली, म्हणजे ब्रिटनच्या त्या गुंडाळलेल्या कार्यक्रमाच्याच काळातली. विळिंजमचं केंद्र आज चालू नाही. वाऱ्याच्या बाबतीत २०१५ मध्ये धोरण आलं, खंभातच्या आखातात २०१७ पासून वारा मोजला गेला, आणि २०२४ मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूच्या मिळून १००० मेगावॅटसाठी साहाय्य मंजूर केलं. वाऱ्याचं काम बघणारी राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था एका मंत्रालयाखाली. लाटा आणि समुद्र बघणारी राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था दुसऱ्या मंत्रालयाखाली. दोन्ही चेन्नईत, पळ्ळिकरणैला, वेळचेरी-तांबरम या एकाच रस्त्यावर. तिथून तरंगत्या पवनचक्कीचा प्रश्न पुढेमागे येणारच, आणि तो अर्धा या फाटकात आणि अर्धा त्या फाटकात जाणार.

माझ्या साखळीचं पुढे काय झालं? तो आकडा मिळाला नाही. टाकीत स्वतः मॉडेल उभं करून मोजावा लागला, आणि समुद्रातल्या वादळाशी तुलना करायची राहूनच गेली. तयारी धरून त्यात चार महिने गेले. मोजलेली सगळी फाइल आता खुल्या भांडारात टाकली आहे, ज्या तीन वेळा सेन्सर निसटला त्या फेऱ्यांसकट. उभ्या अक्षावर न्यूटन लिहिलेत.