अंगावरची बाकी शून्य करणारा कायदा

25 ऑक्टोबर 1975. या दिवशी देशातल्या असंख्य माणसांच्या डोक्यावरचं कर्ज एकाएकी संपलं. कुणी ते फेडलं नव्हतं, सावकारानं सोडलं नव्हतं, सरकारनं तिजोरीतून भरलंही नव्हतं. एका अध्यादेशानं एवढंच सांगितलं, की ज्या कर्जापायी माणूस दुसऱ्याच्या कामाला बांधला गेला आहे, ते कर्ज आजपासून कायद्याच्या लेखी उरलेलंच नाही. पुढच्या वर्षी संसदेनं त्याचा कायदा केला: वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायदा, 1976. तो आजही लागू आहे. अलीकडे कामगार कायद्यांच्या चार संहिता आल्या आणि 29 जुने कायदे त्यांत विलीन झाले, पण हा कायदा मात्र स्वतंत्र राहिला.

मराठवाड्यात कर्जमाफीचं कौतुक कुणाला नवं नाही. पण कर्जमाफीत बँकेचे पैसे शेवटी कुणीतरी भरतंच. इथे कुणीच भरत नाही. उलट असं संपलेलं कर्ज वसूल करायला जो येईल, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि घेतलेले पैसे परत करायला लावता येतात. कर्जापोटी शेत, घर, बैल काही अडकवून घेतलं असेल, तर तेही मूळ मालकाला परत द्यायचं. मजूर मालकाच्या जागेत राहत असेल, तर सुटका झाली म्हणून त्याला तिथून हुसकून लावता येत नाही. कायद्याची ही कलमं पहिल्यांदा वाचताना विश्वास बसत नाही, इतकी ती थेट आहेत.

आता हे जालना जिल्ह्यात आणून ठेवू. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं अंबड-घनसावंगीचा पट्टा उसाचा केला. याच जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, आणि याच जिल्ह्यातल्या घनसावंगी, मंठा, परतूरकडच्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. कारखान्याचा पैसा वाहतूकदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कोयत्याकडे येतो. त्या पैशाला म्हणतात उचल. पावसाळ्यात पेरणीला, आजारपणाला, पोरीच्या लग्नाला ती घेतलेली असते आणि हंगामात काम करून फेडायची असते.

उचलीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, एका कोयत्यानं 1 लाख रुपये उचल घेतली. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनाला साधारण 366 रुपये झाला. दोघांनी पहाटेपासून राबून दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर 732 रुपये. म्हणजे 1 लाख फिटायला 137 दिवस. साडेचार महिने, एकही खाडा न करता, आणि या दिवसांत दोघांनी एक रुपयाही खर्च न करता! प्रत्यक्षात पाऊस येतो, गाडी वेळेवर येत नाही, पोर तापानं फणफणतं. खाड्याचे पैसे वर कापले जातात, किराण्यासाठी मधेच खर्ची घ्यावी लागते. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा हिशेबात पुन्हा अंगावर बाकी निघते, आणि ती बाकी पुढच्या हंगामाचा दोर बनते.

मुकादमाची बाजूही आहे. उचल घेऊन कोयता पळाला, की मुकादम स्वतः बुडतो. त्यानंही ती रक्कम वरच्याकडून घेतलेली असते. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी, असं कायदा म्हणत नाही आणि म्हणूही नये. कायदा वेगळेच प्रश्न विचारतो. या माणसाला काम सोडून दुसरीकडे जाता येतं का? मोकळेपणानं फिरता येतं का? आपले श्रम बाजारभावानं दुसऱ्याला विकता येतात का? त्याला ठरलेलं किमान वेतन मिळतं का? उचलीपायी यांतलं एक जरी स्वातंत्र्य हिरावलं गेलं, तर तो करार वेठबिगारीचा होतो. मग तो स्टॅम्पवर नोटरी करून लिहिलेला असो की तोंडी. एखाद्या मजुराची बायको-मुलं ‘हिशेब होईपर्यंत’ अडकवून ठेवली, की प्रश्नच संपतो.

1976 च्या कायद्यात या पद्धतीची देशभरातली तीसच्या आसपास नावं एका ओळीत नोंदवली आहेत. त्यांत एक नाव आहे ‘भगेला’. ते आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातलं. जालना 1948 पर्यंत त्याच संस्थानात होतं. आगाऊ पैसे देऊन वर्षाचा माणूस बांधायची रीत कायदा होण्याआधी कितीतरी पिढ्या या मातीत चालत आली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्धचं, म्हणजे जातीवर लादलेल्या गावकामाविरुद्धचं विधेयक मांडलं, तेही वेठीविरुद्धच होतं. पुढे ज्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्या अनुच्छेद 23 मध्ये माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई आहे. बहुतेक मूलभूत हक्क आपण सरकारकडे मागतो. हा हक्क मात्र शेजारच्या सावकाराविरुद्ध, ठेकेदाराविरुद्ध, कुणाही खासगी माणसाविरुद्ध उभा राहतो.

पण सक्ती म्हणजे नेमकं काय? साखळी, काठी, कुलूप एवढंच? 1982 मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर आला. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धेची बांधकामं चालू होती आणि मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हतं. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठानं उत्तर दिलं, की उपासमार आणि गरिबी यांमुळे ज्याच्यापुढे दुसरा मार्गच राहत नाही, त्याच्यावरही सक्तीच झालेली असते. किमान वेतनाहून कमी पैशात करवून घेतलेलं काम म्हणजे वेठ. ‘त्याला कुणी बांधून ठेवलं होतं का?’ हा युक्तिवाद तिथेच पडला. भुकेला दोरखंडाचा दर्जा देणारा हा निकाल मला आपल्या न्यायव्यवस्थेतल्या सर्वांत सुंदर निकालांपैकी एक वाटतो.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1983 मध्ये, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. हरियाणातल्या फरिदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांबद्दलचं एक पत्र न्यायालयानं याचिका म्हणून दाखल करून घेतलं होतं. निकालात म्हटलं, की सक्तीचं काम सिद्ध झालं की त्यामागे उचल आहे असं गृहीत धरायचं. नाही म्हणणाऱ्या मालकानं ते सिद्ध करावं. मूळ कायद्यातही हेच तत्त्व आहे. कर्ज वेठबिगारीचं आहे असं मजुरानं म्हटलं, की तसं ते नाही हे दाखवायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते. जन्मभर ‘कागद दाखव’ ऐकत आलेल्या माणसाच्या वतीनं कायदा समोरच्याला सांगतो, कागद तुम्ही दाखवा.

साखळदंड जुन्या काळातच राहिले, असं मात्र कुणी समजू नये. जून 2023 मध्ये मराठवाड्यातच, धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकी पोलीस ठाण्याच्या हद्दीत, विहिरी खोदायला आणलेले 11 मजूर पोलिसांनी सोडवले. त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलं जाई, दिवसभर विहिरीत राबवून घेतलं जाई, पोटाला पुरेसं अन्नही नसे. हे उघडकीला कसं आलं? त्यांच्यातला एक जण निसटला, हिंगोली जिल्ह्यातल्या आपल्या गावी पोचला आणि तिथल्या पोलिसांना त्यानं सगळं सांगितलं. हिंगोलीहून ढोकीला निरोप गेला आणि सुटका झाली. गुन्हा एका जिल्ह्यात, तक्रार दुसऱ्या जिल्ह्यात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं तर कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवण्याची सोय लेखी कायद्यातच आणली आहे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे आता उत्तर नव्हे.

अशा वेळी 1976 च्या कायद्यासोबत दुसरं कलमही लागतं, ते माणसांच्या अपव्यापाराचं. भारतीय दंड संहितेत 2013 मध्ये ते नव्यानं लिहिलं गेलं, आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम 143 आहे. धाक, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष यांच्या बळावर शोषणासाठी माणसाची भरती करणं, त्याला नेणं, ठेवून घेणं, ताब्यात घेणं हा गुन्हा. शिक्षा किमान 7 वर्षं; एकाहून जास्त माणसं असतील किंवा मूल असेल, तर किमान 10 वर्षं. आणि याच कलमातलं एक वाक्य ठेकेदारांच्या नेहमीच्या बचावाचा पायाच काढून घेतं: पीडिताची संमती होती की नव्हती, याला महत्त्व नाही. ‘राजीखुशीनं आला होता, पैसे घेतले होते’ हे म्हणून सुटता येत नाही. संयुक्त राष्ट्रांचा जो करार या व्याख्येच्या मुळाशी आहे, तो 2000 सालचा. भारतानं तो 2011 मध्ये स्वीकारला.

देहविक्रयात ढकललेल्या स्त्रियांसाठी 1956 चा वेगळा कायदा आहे. त्यात सुटका, दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं, संरक्षणगृह अशा पायऱ्या आहेत. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुटका झालेली सज्ञान स्त्री आरोपी नसते, आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिला संरक्षणगृहात कोंडून ठेवता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2020 मध्ये स्पष्ट केलं.

सुटका झाली, पुढे काय? इथे येतो तो कागद, ज्याच्यावर सगळं उभं आहे: मुक्ती प्रमाणपत्र. ते न्यायालयातून येत नाही. जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी चौकशी करून ते देतात. म्हणजे अंबडच्या किंवा परतूरच्या उपविभागीय कार्यालयात, जिथे आपण दाखल्यांसाठी खेटे घालतो, तिथे बसणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीत कुणाचं तरी कर्ज संपल्याची नोंद करायची ताकद आहे. या कायद्याखालचे खटले चालवण्याचे अधिकारही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देता येतात, तेही संक्षिप्त पद्धतीनं. प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असावी असं कायदा सांगतो, आणि तिच्यात अनुसूचित जाती-जमातींच्या तीन स्थानिक प्रतिनिधींची जागा राखून ठेवतो.

प्रमाणपत्रासोबत केंद्राच्या 2016 च्या पुनर्वसन योजनेचं दार उघडतं. पुरुष मजुराला 1 लाख, स्त्रिया आणि मुलांना 2 लाख, अपव्यापारातून किंवा लैंगिक शोषणातून सोडवलेल्या स्त्रिया-मुलं, तृतीयपंथी, अपंग अशांना 3 लाख रुपये. शिवाय तातडीची मदत. ती आधी 20 हजारांपर्यंत होती, आता 30 हजारांपर्यंत आहे. ती देता यावी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे किमान 10 लाखांचा कायमचा निधी ठेवायचा आहे. तातडीच्या मदतीसाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहायची नसते.

उरलेली मोठी रक्कम मात्र खटल्याच्या कामाशी जोडलेली आहे, आणि ही या योजनेची दुबळी बाजू आहे. खटला रेंगाळतो, मजूर गावी परततो, पुन्हा पेरणी येते, पुन्हा मुकादम दारात उभा राहतो. सुटका करून पुनर्वसन न करणं म्हणजे माणसाला पुन्हा त्याच खाईत ढकलणं, असं सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्येच नीरजा चौधरी खटल्यात बजावलं होतं. चाळीस वर्षांनीही ते वाक्य जुनं झालेलं नाही, याची खंत वाटते. म्हणून मला दुसऱ्या टोकाचे, माणूस बांधलाच जाऊ नये यासाठीचे उपायही तितकेच मोलाचे वाटतात. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ, ग्रामपंचायतीतून मिळायचं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र, आणि या कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहं, ज्यांच्या पहिल्या टप्प्यात घनसावंगी आणि अंबड हे तालुके घेतले गेले. मूल वसतिगृहात राहिलं, तर ते फडात जात नाही आणि कुणाच्या हिशेबाचं तारणही होत नाही.

एक हक्क तर बहुतेकांना माहीतच नसतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात अपव्यापाराच्या आणि वेठबिगारीच्या पीडिताला मोफत वकील देण्याची तरतूद आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही.

तुमच्या गावातून यंदा टोळी निघाली, तर एवढं करा. ओळखपत्र काढलं का, हे विचारा. उचलीचा करार झाला असेल तर त्याचा फोटो घरी ठेवायला सांगा. कारखान्याचं आणि गावाचं नाव लिहून घ्या. आणि पट्टा पडल्यावर कुणी परत आलं नाही, किंवा ‘बाकी फिटेपर्यंत सोडत नाही’ असा फोन आला, तर उपविभागीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि त्यात ‘वेठबिगार’ हा शब्द स्पष्ट लिहा. पोलिसांसाठी 112, मुलांसाठी 1098, मोफत वकिलासाठी 15100. जालन्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात आहे, आणि तिथे अर्ज करायला पैसे लागत नाहीत.