उसाचा पेला चहात का वाकतो?

साखर कारखान्यातला पॅनमन, म्हणजे पॅनमध्ये पाक आटवून साखरेचा दाणा धरणारा कारागीर, दाण्याला कधी घाई करत नाही. पॅनमध्ये उतावीळपणा झाला की नको तेवढा बारीक दाणा पडतो. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा अशा कारखान्यांभोवती वाढलेल्या शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्याला हे नव्याने सांगायला नको. याच साखरेपासून आता प्लास्टिकही होते. शेजारच्या पुरंदर तालुक्यात, जेजुरीला, प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळते आणि त्याचे रेणू साखळीने जोडले की पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए.

पीएलएचा पेला काचेसारखा नितळ दिसतो, पण उकळता चहा ओतला की वाकतो. इथे दोष रसायनाचा नसतो, तो पेला कसा थंड केला याचा असतो. वितळलेला पीएलए गार साच्यात शिरला की त्याच्या लांबलचक साखळ्यांना घड्या घालून ओळीने बसायला सवडच मिळत नाही. आहेत तशा गुंत्यात त्या गोठतात आणि असा माल साठेक अंशांना मऊ पडतो. तोच पीएलए १०० ते ११० अंशांच्या साच्यात काही काळ राहू दिला तर साखरेच्या दाण्यासारखे त्याचेही स्फटिक तयार होतात. पेला दुधट होतो, पण चहाला दाद देत नाही.

स्फटिकही एकाच जातीचे नसतात. साधारण १०० अंशांखाली घडलेल्या स्फटिकांत साखळ्या थोड्या सैल, विस्कळीत बसतात. १२० च्या वर त्या घट्ट आणि नेटक्या बसतात. रेणू तोच, रचना दोन!

अडचण वेळेची आहे. पीएलएचे स्फटिक फार संथ वाढतात आणि रांजणगाव एमआयडीसीत मोल्डिंग मशीनवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, सायकल टाइम वाढला की मालाचा भाव वाढतो. म्हणून शंखजिऱ्याची पूड मिसळतात; तिच्या कणांवर स्फटिक लवकर धरतात. उसाला नवे गिऱ्हाईक मिळणार, अशी चर्चा होते तेव्हा साच्याच्या तापमानाचा विषय निघत नाही. माझ्या मते खरी कसोटी तिथेच आहे.

शिवाय पीएलए कुजवणारे पाणी आधी साखळ्यांच्या गुंत्यात शिरते, स्फटिकात सहज शिरत नाही. त्यामुळे चहा सोसणारा पेला कुजायलाही जास्त वेळ घेतो. त्यासाठी साठेक अंशांपर्यंत तापणारी औद्योगिक कंपोस्टची रास लागते. घरामागच्या उकिरड्यावर तो वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो.