वेलनेस कोच नेमकं करतो काय?

वजन उतरवा, चालायला लागा, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच आपल्याला ठाऊक असतं. घोडं अडतं ते रोजच्या धबडग्यात, आणि वेलनेस कोचचं काम तिथूनच सुरू होतं. तो निदान करत नाही, औषध देत नाही. चांगला असेल तर उपदेशही करत नाही, प्रश्न विचारतो. रात्री जेवायला दहा का वाजतात? लोकल उशिरा मिळते, की घरी आल्यावर आधी मोबाइल हातात येतो? झोप, जेवण, हालचाल, कामाचा ताण, घरची माणसं हे सगळं एकत्र पाहिलं, की कळतं, संध्याकाळची ती कचोरी भुकेपोटी नव्हे, साहेबावरच्या रागापोटी खाल्ली जाते. मग माणूस स्वतःच ठरवतो, आठवड्यातून तीन दिवस डब्यासोबत फुटाणे न्यायचे. जमलं नाही तर का, हे पुढच्या भेटीत.

प्रश्न विचारण्याची ही रीत विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारूच्या आहारी गेलेल्यांसाठी मांडली होती. अशा सोबतीचा उपयोग किती, हेही तपासलं गेलं आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या मदतीने आहार-व्यायाम सुधारणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी.

आपल्याकडे मात्र कोणीही उठून कोच म्हणवून घेतो. पहिल्याच भेटीत प्रोटीन पावडरचा डबा पुढे सरकवणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावंच. साखर एकाएकी खाली येऊ शकते.