चार प्रश्नचिन्हे

इंदूरच्या आमच्या महाविद्यालयात प्रवेश, शुल्क, परीक्षा आणि दाखले ही सारी कामे एकाच संगणकप्रणालीतून चालतात. विद्यार्थ्याचे नाव तीत देवनागरीतही नोंदवायचे ठरले आणि मराठीचा अध्यापक म्हणून ते काम ओघानेच माझ्याकडे आले. पहिल्याच दिवशी 'काळे' हे आडनाव भरून नोंद जतन करताच पडद्यावर लाल पट्टी उमटली. कार्यालयातील बाई म्हणाल्या, "सर, आडनाव चुकलंय म्हणतोय." प्रणाली पुरवणाऱ्यांच्या तंत्रज्ञाने फोनवर सुचवले, "मग इंग्रजीत टाका."

आडनाव चुकले नव्हते. आम्ही तिघांनीही त्या संदेशातला पहिला शब्द तेवढा वाचला होता. कवितेच्या तासाला विद्यार्थ्यांनी असे केले तर मी रागावतो.

संदेशाच्या आरंभी १३६६ हा क्रमांक होता. पुढे 'इन्करेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू', मग तिरप्या रेघांमध्ये 'ई०, ए४, ९५' अशी चिन्हे आणि शेवटी 'फॉर कॉलम सरनेम'. खरा अर्थ त्या शेवटात आहे. हा मजकूर या रकान्यात मावत नाही, एवढेच यंत्र सांगत होते. माहितीसाठ्याच्या प्रत्येक रकान्याला मांडणीच्या वेळी एक वर्णसंच नेमून दिलेला असतो. आमच्या रकान्याला लॅटिन-१ दिला होता. त्यात एका चिन्हाला एक बाइट, म्हणजे फार तर २५६ चिन्हे, आणि तीही पश्चिम युरोपातली. युनिकोडमधील देवनागरी वर्णाला यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. त्यांतले पहिले दोन 'ई०, ए४' किंवा 'ई०, ए५' असतात. मधली चिन्हे म्हणजे बिचारा 'क'च होता! बेळगावच्या मित्रांना त्याच जागी 'ई०, बी२' दिसले, तर अडलेले अक्षर कन्नड आहे असे समजावे.

खरे नुकसान यानंतर झाले. आमची प्रणाली मायएसक्यूएल या माहितीसाठ्यावर चालते. त्यात एक कडक तपासणी असते आणि ५.७ या आवृत्तीपासून ती मुळातच चालू असते. कोणीतरी ती बंद केली. लाल पट्टी गेली, नोंदी भराभर होऊ लागल्या, सगळे खूश. काही दिवसांनी यादी छापली, तर 'काळे'च्या जागी '????'. क, काना, ळ, मात्रा अशी चार चिन्हे यंत्राने अचूक मोजली होती आणि चारही टाकून दिली होती. फाँट बदलून ती परत येत नाहीत, कारण साठ्यात आता प्रश्नचिन्हेच असतात. संदेशाचे तोंड बंद केले की असे होते.

दुरुस्ती तशी सरळ होती. आधी सगळ्या साठ्याची प्रत काढली, मग रकाने आणि जोडणी दोन्ही 'यूटीएफ-८एमबी४' या वर्णसंचावर आणली आणि कडक तपासणी पुन्हा चालू केली. लगेच १२६७ क्रमांकाचा नवा संदेश आला. दोन तक्त्यांची अनुक्रमरीत, म्हणजे अक्षरे कोणत्या क्रमाने लावायची याचा नियम, वेगवेगळी होती. एका तक्त्यावर 'स्वीडिश' असे लिहिलेले पाहून मला हसू आले. मायएसक्यूएल मूळ स्वीडनमधल्या कंपनीचे. २०१८मध्ये ८.० ही आवृत्ती येईपर्यंत वेगळे काही सांगितले नाही तर तीच रीत लागू होई. दोन्ही तक्त्यांना एकच रीत दिल्यावर तो संदेशही गेला. चाचणीसाठी 'ळ' आणि 'ऱ्हा' असलेली नावे घ्यावीत, असे मात्र सुचवतो. 'राम' भरून काही कळत नाही.

प्रश्नचिन्हे झालेली नावे कागदी अर्जांवरून पुन्हा भरली. काही अर्जांवर नाव फक्त रोमन लिपीत होते आणि त्यावरून 'काळे' की 'काले' हे ठरेना. म्हणून मुलांनाच बोलावले. एक मुलगी म्हणाली, "सर, शाळेच्या दाखल्यावर काले आहे, घरी काळे." मी कळफलक तिच्यापुढे सरकवला. 'ळ' कुठे आहे, ते तिने विचारून घेतले.