किती खुणांवर आकार ओळखावा?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, तेव्हा व्यापारी सगळी पोती रिकामी करून पाहत नाही. मूठभर हळकुंडे हातात घेतो, एखादे मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो आणि भाव बोलतो. आम्हा माधवनगरकरांना यात काही नवल वाटत नाही. गणितातही नेमका हाच प्रश्न आहे. एखादा आकार डोळ्यांना दिसणारच नसेल, तर त्याच्या किती खुणा कळल्या म्हणजे तो निश्चित ओळखला असे म्हणावे?

आकारांच्या या शास्त्राला संस्थितिशास्त्र म्हणतात. यात ताणणे, दाबणे, वाकवणे सगळे माफ. फाडायचे मात्र नाही आणि नवे काही चिकटवायचे नाही. लांबी-रुंदीला इथे किंमत नाही. त्यामुळे आकृती न दाखवता रेडिओवर बोलता येईल असा हा भूमितीचा बहुधा एकच प्रकार असावा!

लुडोचा फासा घ्या. कोपरे ८, कडा १२, बाजू ६. आठातून बारा वजा करून सहा मिळवले की २ उरतात. फासा फुगवून चेंडू केला आणि त्यावर वेगळ्या रेषा आखून बिनभोकाचे तुकडे पाडले, तरी उत्तर २ च. आता लाकडी चौकट घ्या, चारही कोपऱ्यांत तिरके सांधे असलेली. सांध्यांच्या रेषा धरून मोजले तर कोपरे १६, कडा ३२, बाजू १६, उत्तर शून्य. मेदूवड्याचेही शून्यच. आकार कितीही वाकवला तरी न बदलणाऱ्या अशा खुणेला अविकारी म्हणतात. चेंडू, वडा अशा बंदिस्त, आत आणि बाहेर अशा दोन बाजू असलेल्या पृष्ठांपुरते बोलायचे तर ही एकच संख्या पुरते. संख्या सांगा, पृष्ठ ओळखले.

इतके स्वस्तात पुढे भागत नाही. फ्रान्सच्या आंरी प्वांकारे यांना १९०० मध्ये वाटले होते, की पृष्ठांच्या पुढच्या, तीन मितींच्या गोलासाठीही अशा मोजदादीच्या खुणा पुरतील. १९०४ मध्ये त्यांनीच एक आकार शोधून काढला. मोजदाद हुबेहूब गोलाची, पण त्यात काही दोऱ्यांचे फास असे, की कितीही ओढले तरी आवळून एका बिंदूत येत नाहीत. मग त्यांनी विचारले: प्रत्येक फास आवळता येत असेल, तर तो बंदिस्त आकार गोलच ना? रशियाच्या ग्रिगोरी पेरेलमान यांनी २००२-०३ मध्ये ‘होय’ हे उत्तर सिद्ध केले, तोवर जवळजवळ शतक उलटले होते.

आता मुंबईकडे येऊ. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. पी. रामानुजम नावाचे गणिती होते. श्रीनिवास रामानुजन वेगळे, हे वेगळे. नावातल्या साम्यामुळे यांच्यावर जरा अन्यायच होतो. त्यांचा प्रश्न बंदिस्त आकारांचा नव्हता, अमर्याद पसरलेल्या पृष्ठांचा होता. बीजगणिताच्या समीकरणांतून येणारी, संमिश्र संख्यांवरची ही पृष्ठे. एका संमिश्र संख्येला दोन साध्या संख्या लागतात, म्हणून आपल्या हिशेबाने ती चार मितींची. त्यांतले सगळ्यांत साधे म्हणजे सपाट प्रतल. एखादे पृष्ठ आक्रसत आक्रसत एका बिंदूत मिटवता येत असेल, तर ते हे प्रतलच असते का?

१९७१ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आलेल्या निबंधात रामानुजम यांनी दाखवले, की तेवढ्याने भागत नाही. टोक असलेला एक वक्र आणि एक शांकव, दोघांची गाठ दोनच बिंदूंवर: एका ठिकाणी पाचपदरी, दुसरीकडे साधी. अशा मांडणीतून त्यांनी बिंदूत मिटणारे, तरीही प्रतलाहून वेगळे पृष्ठ घडवले. खूण कुठे चुकली? ती दूर, क्षितिजाशी होती.

हे समजायला माधवनगरभोवती जमिनीवर एक मोठी दोरी टाकल्याची कल्पना करा. गावावरून ओढल्याशिवाय ती आवळता येणार नाही. पण दोरी आकाशात उंच उचलली, तर गावाला न शिवता वरच्या वर आवळता येते. एक मिती जास्त मिळाली की अडचण सुटते. चार मितींत तर मोकळीक आणखी जास्त. रामानुजम यांच्या पृष्ठात मात्र दूरवर टाकलेले काही फास, दूरच राहून, आवळतच नाहीत. मध्यभागातून नेले तरच सुटतात. आतून पाहणाऱ्याला सगळे ठीक दिसते, हरकत निघते ती सीमेवर.

मग त्यांनी ही खूणही यादीत घातली आणि सिद्ध केले: पृष्ठ गुळगुळीत असेल, बिंदूत मिटत असेल आणि दूरवरचा प्रत्येक फास दूरच आवळता येत असेल, तर ते सपाट प्रतलच. नुसते वाकवून तसे होणारे नव्हे, समीकरणांच्या हिशेबानेही तेच. माझ्या मते या निबंधाची खरी झेप ही आहे. खुणा सगळ्या रबरासारख्या ढिल्या संस्थितीच्या, आणि निकाल बीजगणिताच्या काटेकोर तराजूतला. रामानुजम तेव्हा ३३ वर्षांचे होते. आजारपणाने ते बरेच गांजलेले असत. १९७४ मध्ये ३६ व्या वर्षी बंगळूरला त्यांचे निधन झाले.

मुंबईत हे काम थांबले नाही. मोजदादीत प्रतलासारखी असणारी अशी पृष्ठे दोन स्वतंत्र चलांच्या सूत्रांनी जवळजवळ पूर्ण आखता येतात, हे राजेंद्र गुर्जर आणि अनंत शास्त्री यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन निबंधांत दाखवले.

रामानुजम यांच्या त्या विचित्र पृष्ठाची गोष्ट अजून थोडी उरली आहे. त्याला आणखी एक संमिश्र दिशा जोडली, तर दूरवरचे फास सुटतात आणि संस्थितीच्या दृष्टीने तो आकार तीन संमिश्र मितींच्या सपाट अवकाशाहून मुळीच वेगळा राहत नाही. पण बीजगणिताने तो वेगळाच आहे, हे जपानच्या इिताका आणि फुजिता यांच्या १९७७ च्या कामावरून कळते. म्हणजे दोन मितींत रामानुजम यांनी दिली तशी, निव्वळ संस्थितीच्या खुणांची यादी तीन मितींसाठी कुणाला देताच येणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)