फादरविना सव्वादोनशे वर्षे

धर्म कोणाच्या जिवावर टिकतो? धर्मगुरूंच्या की सर्वसामान्य माणसांच्या? हा प्रश्न सर्वच धर्मांत विचारला जातो. ख्रिस्ती धर्मापुरते त्याचे एक उत्तर जपानच्या इतिहासात सापडते.

कॅथलिक पंथात धर्मगुरूचे, म्हणजे फादरचे, स्थान फार मोठे. मिस्सा त्यांनीच अर्पण करायची, पापाची कबुली त्यांनीच ऐकायची. मग फादरच नाहीसे झाले तर?

फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९ साली जपानमधील कागोशिमा येथे उतरले. पुढे तेथील हजारो शेतकरी व कोळी ख्रिस्ती झाले. राज्यकर्त्यांना परकीय सत्तेची भीती वाटू लागली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले. त्यांत १७ जण साधे जपानी उपासक होते. आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सियाही त्यांत होते. तेही फादर नव्हते, फ्रान्सिस्कन संघातील ब्रदर होते.

१६१४ मध्ये देशभर बंदी आली. १६४४ च्या सुमारास उरलासुरला शेवटचा फादरही मारला गेला. लोकांना येशू-मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावून त्यांची परीक्षा घेतली जाई. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नाव नोंदवून दाखला घ्यावा लागे. करुणेचा धर्म सांगणारी मंदिरे तेथे सरकारी नोंदणी कचेऱ्या झाली, हे आपण बौद्धांनी लपवता कामा नये. आम्हा कारकून मंडळींना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. रजिस्टरमध्ये नाव चढते, मन चढत नाही.

त्या गरीब खेडुतांनी काय केले? त्यांनी आपसांत कामे वाटून घेतली. एकाने सणवारांची दिनदर्शिका सांभाळायची, दुसऱ्याने बाप्तिस्मा द्यायचा, तिसऱ्याने घरोघरी निरोप पोहोचवायचा. अडचणीच्या वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, ही मुभा ख्रिस्ती धर्मात आहेच. कबुली ऐकायला फादर नाहीत, म्हणून पश्चात्तापाची प्रार्थना मनापासून म्हणायची. प्रार्थना तोंडपाठ करून मुलांना द्यायच्या. काही घरांत कानोनची, म्हणजे अवलोकितेश्वराच्या स्त्रीरूपाची, मूर्ती मरियामाता म्हणून पुजली जाई.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा येथील नव्या चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे आली. त्यांतील एका स्त्रीने फ्रेंच फादर पेतिझाँ यांना हळूच सांगितले, की आमचे आणि तुमचे मन एकच आहे. मग तिने विचारले, मरियेची मूर्ती कोठे आहे? फादर थक्क झाले. सव्वादोनशे वर्षांत एकही फादर नसताना श्रद्धा जिवंत होती!

पण छळ संपला नव्हता. लवकरच उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना गावातून उठवून दूरदूर हद्दपार केले गेले. त्यांतील शेकडो परत आले नाहीत. बंदी उठली ती १८७३ साली.

यानंतरची गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. फादर परत आले, पण सगळेच त्यांच्याकडे गेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या प्रार्थनांचे शब्द बदलले होते, विधींत पूर्वजांच्या चालीरीती मिसळल्या होत्या. फादर म्हणत, हे सुधारा. काही कुटुंबे म्हणाली, आमच्या वाडवडिलांनी प्राण देऊन जपले, तेच आम्ही चालवणार. ती वेगळीच राहिली. आज असे लोक अगदी थोडे उरले आहेत.

दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. जाणकार शिक्षक नसेल तर शिकवण हळूहळू बदलत जाते, हे खरे. पण त्या खेडुतांनी जपले नसते, तर सुधारायला तरी काय उरले असते? १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाचा धर्मकार्यात वाटा आहे, असे स्पष्टपणे मांडले. उराकामीच्या आयाबायांनी ते शंभर वर्षे आधीच करून दाखवले होते.