घटस्फोटाचा दावा आणि हातातला फोन

आपल्याकडे विवाहाने दोन घरे जोडली जातात. साहजिकच तो मोडू लागला की दोन्ही घरे दुखावतात. पूर्वी असा प्रसंग आला, तर चार वडीलधारी माणसे ओसरीवर बसत, बोलणी होत आणि कटुता बरीचशी त्या ओसरीवरच राहत असे. गावात कुजबुज व्हायची, ती काही दिवसांत विरायची. आज मात्र रागाच्या भरात लिहिलेले दोन शब्द व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर चढतात आणि साकोलीपासून पुण्यापर्यंतचे नातलग ते वाचतात. या दोन शब्दांचे पुढे न्यायालयात काय होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिली गोष्ट अशी की, कायद्याने हे दार मुळातच बंद ठेवले आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा बौद्ध, जैन व शीख बांधवांनाही लागू आहे. त्याच्या कलम २२ नुसार घटस्फोटाची सुनावणी बंद दाराआड चालते आणि तिच्यासंबंधीचा मजकूर छापणे वा प्रसिद्ध करणे बेकायदेशीर ठरते. अपवाद फक्त उच्च व सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा, तोही न्यायालयाच्या परवानगीने. कोणाच्या संसारातील जखम चव्हाट्यावर येऊ नये, हा यामागचा हेतू. दाव्याचे कागद फेसबुकवर टाकणारा माणूस हे दार स्वतःच्याच हाताने उघडतो.

दुसरी गोष्ट पुराव्याची. 'लिहिले आणि पुसले' म्हणून सुटका होत नाही. तोवर कोणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असतो. नुसत्या स्क्रीनशॉटने सहसा भागत नाही, हेही खरे. जालना मतदारसंघाच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर सोबत ठरावीक प्रमाणपत्र हवे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ही अट आहे. मात्र कुटुंब न्यायालयाला १९८४ च्या कायद्याच्या कलम १४ ने बरीच मोकळीक दिली आहे. वाद सोडविण्यास उपयोगी वाटेल ते साहित्य ते पाहू शकते.

१४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निर्णय दिला. पती-पत्नीतील गुपचूप ध्वनिमुद्रित केलेले संभाषणही त्यांच्या वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येते. म्हणून फोनवर बोलतानाही तोल सांभाळावा. याचा अर्थ जोडीदाराचा फोन चोरून उघडावा असा नव्हे. अप्रामाणिकपणे दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे आणि संमतीवाचून कोणाचे खाजगी अवयव दाखविणारे छायाचित्र पसरविणे, हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हे आहेत.

तिसरी गोष्ट पोटगीची. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितले की, पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र द्यावे. शपथपत्रात 'उत्पन्न नाही' आणि इन्स्टाग्रामवर नव्या मोटारसायकलीसोबत फोटो, अशी विसंगती समोरच्या वकिलाच्या नजरेतून सुटत नाही. बदनामीचेही तसेच. जोडीदारावर निराधार, अब्रू घेणारे आरोप करणे ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असे याच न्यायालयाने २०१३ साली म्हटले आहे. स्टेटस टाकून जिंकल्यासारखे वाटते खरे, पण त्याने विरुद्ध बाजूचाच दावा बळकट होतो.

मित्रांनो, हे आपण का जाणून घ्यायचे? आपल्यापैकी कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले आपणच पहिले. ताईचा किंवा मामाचा असा प्रसंग आला की फोन आपल्या हाती येतो आणि 'तूच लिहून दे ना बाबू, झणझणीत' असे सांगितले जाते. अशा वेळी लिहून न देणे हीच आपल्या शिक्षणाची खरी मदत होय. दावा चालू असेपर्यंत जोडीदाराविषयी आपण काही टाकू नये, नातलगांनाही टाकू देऊ नये. आपले पासवर्ड बदलून घ्यावेत. जुना मजकूर पुसण्यापूर्वी वकिलांना विचारावे, कारण पुरावा नष्ट करणे हाही गुन्हा आहे. लहान मुलांना तर या भांडणाच्या चित्रातही आणू नये. आईबापांचा राग ओसरेल, पण मुले मोठी होऊन ते सारे वाचतील.

मात्र गप्प राहणे म्हणजे अन्याय सोसणे नव्हे. धमकीचा संदेश आला तर तो पुसू नये. तो तसाच जपून पोलिसांना, संरक्षण अधिकाऱ्यांना व वकिलांना दाखवावा. वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून कोणत्याही स्त्रीने मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. आपले दुःख सांगावयाची योग्य जागा तीच. तेथे ते ऐकणाऱ्याच्या हाती काही उपाय तरी असतो.